किटलीतून धार पडली पाहिजे

दोन-तीन वर्षांच्या मुलासाठी चहाचा खेळण्यातला सेट घ्यायला निघालात, तर पिशवीत पाण्याची बाटली ठेवा. दुकानात गेल्यावर डबा उघडायला सांगा, किटली हातात घ्या, तिच्यात पाणी भरा आणि सेटमधल्याच कपात ओतून बघा. धार सरळ कपात पडते, की तोटीखालून ओघळून हातावर येते? ओतताना झाकण पडतं का? पाणी आत जातं तरी का? एवढं पाहिलंत, तर बाजारातले निम्मे सेट तुम्ही स्वतःच बाजूला ठेवाल. दुकानदार पाणी ओतू देत नसेल तर निदान तोटीत फुंकर घालून बघा. हवा आरपार गेली नाही, तर ती किटली नव्हे, किटलीच्या आकाराचा ठोकळा आहे.

मी हे शिकले ते नातीच्या दुसऱ्या वाढदिवसाला. घाईत एक मोठा डबा उचलून आणला होता. किटली, सहा कप, सहा बश्या, साखरेचं भांडं, दुधाचं भांडं, चमचे, बिस्किटं, केकचे तुकडे, असे खूप नग. तिने आधी किटली उचलली आणि कपावर तिरकी केली. कपात वाकून पाहिलं. पुन्हा तिरकी केली, पुन्हा पाहिलं. मग किटली माझ्याकडे आणून दिली, जशी मुलं बिघडलेली वस्तू आणून देतात. तोटी आतून बंद होती. दोन दिवसांत तो सेट पलंगाखाली गेला आणि नात स्वयंपाकघरात बसून, मी ज्यातून तेल वाढते त्या तोटीच्या छोट्या स्टीलच्या भांड्याने मसाल्याच्या वाट्यांमध्ये पाणी ओतू लागली. तासभर. तिला काय हवं होतं ते तिने मला स्वच्छ दाखवून दिलं.

चहाच्या खेळात दोन खेळ एकत्र असतात आणि सेट निवडताना ते वेगळे करून पाहावे लागतात. पहिला हाताचा खेळ आहे: ओतणं, भरणं, न सांडता उचलून नेणं, रिकामं करणं, पुन्हा भरणं. दुसरा मनाचा: पाहुणे आले आहेत, चहा गरम आहे, साखर कमी झाली आहे. वर्ष-दीड वर्षाचं मूल रिकामा कप ओठांना लावून प्यायल्यासारखं करतं, तिथे हा दुसरा खेळ सुरू होतो. दोनच्या आसपास ते बाहुलीला पाजू लागतं. तीनच्या पुढे चहा करणं, गाळणं, देणं, कप विसळणं अशी पूर्ण साखळी दिसते आणि चार-पाचव्या वर्षी ‘तू पाहुणी हो, मी आई होते’ ही वाटणी सुरू होते.

ॲलन लेस्ली या मानसशास्त्रज्ञाने दोन वर्षांच्या मुलांबरोबर केलेला एक प्रयोग मला फार आवडतो. दोन रिकामे कप समोर ठेवायचे. बाटलीतून दोन्ही कपांत ओतल्याचं नाटक करायचं. मग एक कप उलटा करून झटकायचा, पुन्हा सरळ ठेवायचा आणि मुलाला विचारायचं, रिकामा कप कुठला? दोन्ही कप मुळात कोरडेच असतात, तरी मूल उलट्या केलेल्या कपाकडे बोट दाखवतं. म्हणजे दुसऱ्या कपातला नसलेला चहा त्याच्या मनात शाबूत असतो, आणि कप खरोखर रिकामा आहे हेही त्याला कळत असतं. हे दोन्ही एकाच वेळी सांभाळणं ही लहान गोष्ट नाही.

मग प्रश्न येतो की नसलेला चहा जर मूल मनाने ओतू शकतं, तर बंद तोटीने काय बिघडलं? चार वर्षांच्या मुलाचं फारसं बिघडत नाही. पण दोन वर्षांच्या मुलाचा पहिला खेळ, हाताचा, अजून भरात असतो. त्याला पाणी हलताना, पडताना, चढताना पाहायचं असतं. मारिया माँटेसरी यांनी आपल्या बालघरात हेच पाहिलं होतं: खोटी भांडी आणि बाहुल्या बाजूला ठेवून मुलं खऱ्या छोट्या भांड्यांनी खरं काम करायला धावतात. म्हणून त्यांच्या पद्धतीत ओतण्याचे सराव आले, तेही चिनी मातीच्या, फुटणाऱ्या भांड्यांनी. १९३९ साली त्या भारतात आल्या. त्याआधीच, १९२६ साली, गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला होता, आणि पुढे बोर्डी-कोसबाडला ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी हाच विचार नारळाच्या करवंट्या, शंख-शिंपले, माती अशा आसपास मिळणाऱ्या वस्तूंवर उभा केला. मुलाला महाग साधन लागत नाही, चालणारं साधन लागतं.

आपला चहा कसा होतो?

दुकानातले बहुतेक सेट साहेबी चहाचे असतात: चहाची किटली, दुधाचं वेगळं भांडं, साखरेचे चौकोनी खडे. आपल्या घरात चहा असा होतच नाही. पातेलं गॅसवर चढतं, आलं ठेचलं जातं, चहा उकळतो, दूध पडतं, सांडशीने पातेलं उचलून गाळणीतून कपात ओतलं जातं. मूल रोज दोनदा हे पाहतं आणि नक्कल त्याचीच करतं. माझ्या नातीने किटलीच्या तोटीखाली पहिल्यांदा काय धरलं असेल तर गाळणी. सेटमध्ये ती नव्हती, म्हणून तिने ओट्यावरची ओढली.

तेव्हा सेट कोणताही घ्या, सोबत एक छोटी गाळणी आणि दांडीचं छोटं पातेलं जरूर घ्या. भांड्यांच्या कुठल्याही दुकानात ती सुटी मिळतात. गाळणीची जाळी काठाशी नीट दाबून बसवलेली असावी, सुटलेली तार बोटात घुसते. बशी मात्र सेटमध्ये हवीच. बशीत ओतून फुंकर घालत चहा पिणारे आजोबा घरात असतील, तर मूल बशीचा उपयोग तुमच्याआधी दाखवेल. आणि किटली? ती मुलांना टपरीवर दिसते, दुकानांत चहा पोचवणाऱ्या मुलाच्या हातात दिसते, सोबत काचेचे छोटे ग्लास. म्हणून किटली आणि चार ग्लास हाही आपल्याकडचा अस्सल चहाचा सेट आहे आणि मुलग्यांना तो फार भावतो. अर्थात चहाचा सेट मुलीसाठीच, हा विचार असेल तर तो आजच सोडा. घरात बाबा चहा करत असतील तर मुलगा चहा करण्याचा खेळ मागणारच. त्याला तो द्या.

नगांची संख्या पाहून सेट घेऊ नका. दोन वर्षांच्या मुलाला एक किटली, दोन कप, दोन बश्या आणि एक ट्रे एवढं पुरतं. तीनच्या पुढे चार कप. चाळीस नगांचा डबा म्हणजे चाळीस नग गोळा करायचं काम आणि त्यात गिळता येतील असे दहा तुकडे.

माप हातात घेऊन ठरवा. कपाच्या कानात मुलाची दोन बोटं शिरली पाहिजेत. कान फार बारीक असेल तर मूल कप वरून पंजाने धरतं आणि पाणी बोटांवरून सांडतं. पाव लिटर पाणी म्हणजे पाव किलो वजन, त्यात किटलीचं स्वतःचं. दोन-अडीच वर्षांच्या मुलासाठी मी याहून मोठी किटली घेणार नाही. तोटीचं टोक भरलेल्या पाण्याच्या पातळीपेक्षा थोडं वर असावं, नाहीतर किटली तिरकी करण्याआधीच गळते. ऑनलाइन मागवताना फोटोवर विसंबू नका. सेंटिमीटरमधलं माप वाचा आणि पट्टी घेऊन टेबलावर तेवढी उंची पाहा. पितळेचे बरेच सुंदर ‘मिनी सेट’ अडीच-तीन सेंटिमीटरचे असतात. ते गौरीपुढच्या आराशीसाठी आणि रुखवतासाठी बनलेले असतात, लहान मुलासाठी नव्हेत.

कशाचा घ्यायचा?

मला विचाराल तर दीड ते तीन वर्षांसाठी स्टील किंवा चांगलं टणक प्लॅस्टिक, त्याआधी लाकूड, आणि चारच्या पुढे हळूहळू चिनी माती. पण प्रत्येकाची तपासणी वेगळी आहे.

स्टीलची भातुकली आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या खेळली गेली आहे आणि पुण्याच्या तुळशीबागेत ती आजही ताटल्या-पेल्यांसकट मिळते. तिचा मोठा गुण म्हणजे ती खरं भांडं असते. पाणी भरा, ताक भरा, घासा, उन्हात वाळवा. दोष एकच, पण गंभीर: धार. जाड पत्र्याच्या मोठ्या भांड्याचा काठ वळवून बंद केलेला असतो. स्वस्त भातुकलीत पातळ पत्रा कापून तसाच सोडतात. बोट फिरवून पाहू नका, तुमच्या बोटाची कातडी जाड आहे. कापसाचा बोळा घ्या आणि कपाच्या काठावरून, कानाच्या कडेवरून, किटलीच्या तोंडावरून फिरवा. कुठेही कापसाचा तंतू अडकला, तर ते भांडं परत ठेवा. कान दोन ठिकाणीच जोडलेला असेल तर ओढून बघा.

आजीच्या काळातली पितळी भातुकली घरात असेल तर ती ठेवा, मुलाला दाखवा, तिच्याबद्दल सांगा. पण तिच्यातून पिऊ देऊ नका. कल्हई गेलेल्या पितळेत लिंबू, चिंच, ताक असं आंबट काही गेलं की धातू त्यात उतरतो, हे आपल्या घरांत सगळ्यांना ठाऊक आहे. कमी ठाऊक असलेली गोष्ट म्हणजे कातावर घडवायच्या पितळेत, ते सहज कापलं जावं म्हणून, बरेचदा शिसं मिसळलेलं असतं. जुन्या किटलीची तोटी डाख देऊन जोडलेली असेल तर त्या डाखातही शिसं असू शकतं. शिसं वाढत्या मेंदूला अपाय करतं आणि त्याची निर्धोक अशी कुठलीही पातळी मानलेली नाही. अशा सेटने चार-पाच वर्षांच्या, वस्तू तोंडात घालणं सुटलेल्या मुलाने कोरडा खेळ खेळावा आणि नंतर हात धुवावेत.

लाकडाच्या बाबतीत आपण नशीबवान आहोत. सावंतवाडीच्या चितारआळीतली लाकडी फळं आणि भातुकली कोकणातून येणाऱ्या पाहुण्यांनी घरोघर पोचवली. शेजारच्या कर्नाटकात बंगळूर-म्हैसूर रस्त्यावर चन्नपट्टण आहे. तिथले कारागीर काळ्या कुड्याचं फिकट, मऊ लाकूड कातावर फिरवतात आणि फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी दाबतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर चढते. मग केवड्याच्या पानाने घासून तिला चकाकी आणतात. वर ब्रशने फासलेला रंग नसल्यामुळे त्याचे पापुद्रे सुटत नाहीत. एक-दीड वर्षाच्या मुलाला असा गुळगुळीत, वजनदार कप धरायला आणि चावायलाही चांगला. मात्र कातावरच्या पुष्कळ किटल्या भरीव असतात. झाकण उघडतं, पण आत खोलगा नसतो किंवा तोटीला भोक नसतं. हे माहीत असून घेतलं तर हरकत नाही, कारण या वयात ‘घे, पी’ एवढाच खेळ असतो. लाकडी सेट पाण्यात बुडवून ठेवू नका. ओल्या फडक्याने पुसा आणि सावलीत वाळवा.

रंगाची परीक्षा घरच्या घरी थोडीफार होते. पांढरं सुती फडकं ओलं करून कपावर जोरात घासा. फडक्याला रंग लागला, तर तो तोंडातही जाणार. फडकं पांढरं राहिलं म्हणून रंग निर्धोक ठरत नाही, तेवढी ही परीक्षा मोठी नाही. जुन्या रंगवलेल्या लाकडी खेळण्यांबाबत विशेष सावध राहा. घरगुती रंगांतल्या शिशावर दशलक्ष भागांत ९० भाग ही मर्यादा भारतात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या तैलरंगाचे पापुद्रे सुटत असतील, तर ते खेळणं शोकेसमध्ये शोभेल, मुलाच्या तोंडात नको.

प्लॅस्टिकला सरसकट नाक मुरडायचं कारण नाही. टणक, जाड, वास नसलेलं प्लॅस्टिक पडलं तरी फुटत नाही, धुता येतं आणि हलकं असल्यामुळे लहान हाताला झेपतं. तळाशी त्रिकोणात ५ हा आकडा असेल तर ते पॉलिप्रॉपिलीन, म्हणजे जेवणाच्या डब्यांना वापरतात तो प्रकार. ३ असेल तर पीव्हीसी. ते मऊ करण्यासाठी थॅलेटं नावाची रसायनं घालतात आणि खेळण्यांत त्यांच्यावर मर्यादा आहे. डबा उघडताच रॉकेलसारखा किंवा उग्र गोडसर वास आला, तर डबा तसाच बंद करा. सांध्यावरून नख फिरवा. साच्यातून बाहेर आलेली कंगोऱ्याची कड धारदार राहिलेली असते. एक गोष्ट नीट लक्षात ठेवा: ‘अन्नासाठी योग्य’ असं स्पष्ट लिहिलेलं नसेल, तर खेळण्यातल्या कपात पाणी ओतावं, पण दूध, सरबत पाजू नये. मूल पाण्याचे एक-दोन घोट घेणारच. म्हणून सुरुवातीला असाच सेट घ्या ज्यातून ते प्यायलं तरी तुमचा जीव वरखाली होणार नाही. माझं मत स्टीलकडे झुकतं ते यामुळे.

चिनी मातीचे छोटे सेट मोहात पाडतात. चार वर्षांच्या पुढच्या, सावकाश वागणाऱ्या मुलाला ते जरूर द्या. फुटणारी वस्तू हातात आली की मुलाची चाल बदलते, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पण झिलईच्या आतली रंगीत नक्षी कशाची आहे हे कळत नसेल, तर त्यातून फक्त पाणी. फुटलं तर मुलाला जागेवर बसवा, तुकडे तुम्ही उचला आणि टवका उडालेला कप त्याच दिवशी काढून टाका. कुंभाराकडची न रंगवलेली बोळकी आणि छोटी मडकी हा सगळ्यांत स्वस्त आणि देखणा पर्याय आहे. संक्रांतीच्या आसपास ती सगळीकडे मिळतात. रंगवलेली नकोत, तो रंग पाण्यात विरघळतो.

गळ्यात काय अडकू शकतं?

इथे घाई करू नका. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांसाठी प्रयोगशाळेत एक नळकांडं वापरतात, ३१.७ मिलिमीटर व्यासाचं. खोली तिरकी, २५.४ पासून ५७.१ मिलिमीटरपर्यंत. साधारण लहान मुलाच्या घशाएवढं. जी वस्तू न दाबता त्यात पूर्ण बसते ती या वयाला बाद. घरी मोठ्या भावंडाच्या कंपासपेटीतला कंपास घ्या, १६ मिलिमीटरची त्रिज्या धरून पुठ्ठ्यावर वर्तुळ काढा आणि कापा. त्या भोकातून जे आरपार जातं आणि सहा सेंटिमीटरहून आखूड आहे, ते वेगळ्या डब्यात घालून वर ठेवून द्या. साखरेचे खडे, बिस्किटं, झाकणाची गोळी, छोटी चेरी बहुतेक तिथेच जातील. आपल्या देशी सेटमध्ये लाकडी लाडू असतात. गोल वस्तू घशात बुचासारखी बसते, म्हणून तिला मोठं माप लावतात: साडेचार सेंटिमीटरपेक्षा कमी व्यासाचा लाडू तीन वर्षांखाली देऊ नका. झाकणावरची गोळी नुसती चिकटवलेली असेल तर ओढून निघते का ते तुम्हीच आधी बघा. तुम्हाला निघाली नाही तर दातांना कदाचित निघेल, हेही धरून चाला.

गाणं म्हणणारी, दिवा लागणारी किटली येते. ती घेऊ नका असं मी स्पष्ट सांगते. पाणी भरता येत नाही हा एक तोटा, आणि तिच्यात बटणासारखी चपटी बॅटरी असू शकते. ती बॅटरी गिळली आणि अन्ननलिकेत अडकली, तर दोन तासांतसुद्धा तिथे खोल भाजल्यासारखी जखम होते. कुणी भेट दिलीच असेल, तर बॅटरीचा कप्पा स्क्रूने बंद आहे का पाहा. नसेल तर बॅटरी काढून टाका. गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी करवू नका, वाट पाहू नका, थेट एक्स-रे होईल अशा रुग्णालयात जा. काही सेटमध्ये कापता येणाऱ्या केकचे तुकडे चुंबकाने चिकटतात, तेही लहान मूल असलेल्या घरात नकोत. पोटात गेलेली दोन चुंबकं आतड्याच्या दोन घड्या एकमेकींना चिकटवतात.

बोरन्हाणात मुलांवर चुरमुरे, बोरं, छोटी खेळणी ओततात आणि भेटीत भातुकली येते. तो सोहळा गोड आहे, पण त्या गर्दीत कोण काय तोंडात घालतं याकडे एका मोठ्या माणसाचं फक्त तेवढ्याकरता लक्ष असू द्या.

डब्यावरचा आयएसआय शिक्का जरूर पाहा. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना भारतीय मानक ब्युरोचा हा शिक्का बंधनकारक आहे. शिक्क्याबरोबर ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो ‘बीआयएस केअर’ या ॲपमध्ये टाकला की परवाना कुणाच्या नावावर आहे आणि चालू आहे का ते कळतं. दुकानात उभ्या-उभ्या होणारं काम आहे. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरांनी बनवून विकलेली खेळणी आणि भौगोलिक मानांकन मिळालेल्या वस्तू यांना या सक्तीतून सूट दिलेली आहे. म्हणून कारागिराच्या लाकडी सेटवर शिक्का नसला म्हणजे तो खोटा नव्हे. तिथे रंग कुठला, वर कुठलं पॉलिश, हे त्यालाच विचारा. ज्याने स्वतः बनवलं आहे तो सांगतो.

घरी आणल्यावर

आधी साबणाने धुवा, वाळवा, मग द्या. पाण्याचा खेळ परातीत मांडायचा. मोठी परात, तिच्यात किटली, कप, गाळणी, आणि खाली जुना टॉवेल. ‘पाणी परातीतच’ हा एकच नियम. किटलीत अर्धंच पाणी भरून द्या आणि संपलं की मुलाने येऊन मागावं. सांडलेलं पुसायला त्याच्या हातात छोटं फडकं द्या. दोन वर्षांचं मूल पुसण्याचं कामही खेळ म्हणून करतं. पाण्याऐवजी हरभरे, वाटाणे, शेंगदाणे देणारे पुष्कळ आहेत. तीन वर्षांखाली ते नको. नाकात जातात, श्वासनलिकेत जातात. खेळ झाला की किटली उपडी करून वाळवा. तोटीच्या आत पाणी राहिलं तर काही दिवसांत काळी बुरशी धरते. बाटली धुण्याचा बारीक ब्रश तोटीतून आरपार जातो का, हेही खरं तर विकत घेतानाच पाहायला हवं.

खरा चहा आणि खेळातला चहा एका वेळी एका चटईवर येऊ देऊ नका. जे मूल दिवसभर ‘घे चहा’ करत कप उचलतं, ते तुमचाही कप उचलणार, आणि त्याच्या नाजूक कातडीला तुम्ही सहज पिता तो चहा भाजतो. आपला कप टेबलाच्या आतल्या बाजूला ठेवा, मांडीवर मूल असताना चहा घेऊ नका. भाजलंच तर जागेवर वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटं धरा. टूथपेस्ट, हळद, बर्फ लावू नका, आणि डॉक्टरांकडे न्या.

आणि मग पाहुणे व्हा. सेट कितीही चांगला असला तरी कुणी चहा प्यायला बसलं नाही, तर तो भांड्यांचा ढीग राहतो. पाच मिनिटं पुरतात. खाली मांडी घालून बसा. कप दोन्ही हातांनी घ्या, फुंकर घाला. लगेच ‘वा, छान’ म्हणून मोकळे होऊ नका. ‘साखर जरा कमी झाली का?’ असं विचारा. मूल थबकतं, विचार करतं, उठतं आणि नसलेल्या डब्यातून नसलेली साखर चमच्याने घेऊन येतं. ‘आलं नाही घातलंस?’ म्हटलं की ठेचायला जातं. खेळ कसा चालवायचा ते मात्र त्याच्यावर सोडा. त्याला बशीत किटली ठेवायची असेल आणि कपाने बाहुलीला अंघोळ घालायची असेल, तर घालू द्या.

सेट खणाच्या वरच्या फळीवर ठेवू नका. स्वयंपाकघरातल्या सगळ्यांत खालच्या कप्प्यात, मुलाच्या हाताला येईल असा, एका टोपलीत ठेवा. तुम्ही चहा टाकाल तेव्हा तेही आपला चहा टाकेल. आमच्याकडे पुढे आणलेल्या स्टीलच्या सेटमधला एक कप कधीच हरवला. त्याच्या जागी मसाल्याच्या डब्यातली एक वाटी गेली ती गेलीच. मोहरीला आता दुसरी वाटी आहे, आणि आजोबांना चहा नेहमी त्या वाटीतूनच मिळतो.